थांबण्याचा दर

रेल्वेलाइनीला लागून कामे करताना माझ्या हातून झालेल्या चुका सगळ्यांनी साइटवर पाहिल्या. केबल तुटलेली पाहिली, सिग्नल लाल झालेला पाहिला, माझा माणूस खाली पडलेला पाहिला. पण त्या चुका मी केल्या होत्या कितीतरी आधी, ऑफिसात टेंडरचे दर भरताना. खोदाईचा दर भरला, काँक्रीटचा भरला, सळईचा भरला. गाडी येते म्हणून हातातले काम टाकून बाजूला उभे राहायचे, केबल दाखवणारा माणूस येईपर्यंत वाट पाहायची, कामासाठी गाड्या थांबवण्याचा ब्लॉक मिळाला नाही म्हणून अख्खी रात्र रिकामी घालवायची, याचा दर मी कुठेच धरला नव्हता. ज्याने थांबण्याचे पैसे धरलेले नसतात तो साइटवर थांबत नाही. मला हे उशिरा कळले आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्यांनी मोजली. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी ती पुन्हा मोजायला लावू नये, म्हणून हे लिहितो आहे.

मी ठाणे जिल्ह्यात गटारे, संरक्षक भिंती, रस्ते आणि लहान पूल बांधणारा ठेकेदार. या पट्ट्यात रेल्वे टाळून काम करता येत नाही. नाला रुळांखालून जातो, जलवाहिनी रुळांखालून ढकलावी लागते, रस्ता रुळांना समांतर रुंद करायचा असतो. यातली काही कामे रेल्वेची स्वतःची असतात, काही नगरपालिकेची किंवा खासगी मालकाची. रेल्वेच्या कामात ठेकेदार आपसूक सावध राहतो, कारण अटींचे बाड आधीच हातात पडलेले असते. फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. हद्दीच्या भिंतीच्या अलीकडे आपण आहोत, म्हणजे रेल्वेशी आपला संबंध ना-हरकत पत्रापुरता, असे मी धरून चालत होतो. हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचे तर रेल्वेचे पत्र का मागतात, याचा मी कधी विचारच केला नव्हता. क्रेनचा लांब हात, उभी केलेली सळई, भरावाच्या पायथ्याशी खोदलेला चर, वाऱ्याने सुटलेला पत्रा, यांतले काहीही हद्दीची भिंत पाहून थांबत नाही.

पहिली मोठी चूक केबलची. रुळांच्या कडेने जमिनीत किती जाळे असते याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. सिग्नलच्या केबल, टेलिफोनच्या केबल, ऑप्टिकल फायबर, विजेच्या केबल, सगळ्या त्याच पट्टीतून जातात जिथे आपल्याला गटार किंवा भिंतीचा पाया काढायचा असतो. म्हणून पद्धत अशी आहे की खोदण्याआधी इंजिनियरिंग, सिग्नल आणि विद्युत या तिन्ही खात्यांना लेखी कळवायचे, त्यांच्या माणसांबरोबर जागेवर फिरून केबलचा मार्ग आखून घ्यायचा, मग हाताने तपासणी खड्डे घेऊन केबल डोळ्यांनी पाहायची, आणि खोदताना त्या खात्याचा माणूस समोर उभा हवा. मी पत्र दिले होते. माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. जेसीबी मात्र तासाच्या भाड्याने आणून ठेवला होता आणि तो उभा राहिलेला मला बघवेना. मी ऑपरेटरला म्हणालो, दोन फूटच घे, केबल मीटरभर खाली असते.

मीटरभर खाली ती घातली त्या दिवशी असते. नंतर वरची माती पावसाने वाहून जाते, कुणी चर काढून नीट भरत नाही, कुठे खडक लागला म्हणून ती मुळातच वर घेतलेली असते. बकेटच्या दातांना काळी केबल अडकून वर आली तेव्हा ऑपरेटरने मशीन बंद केली आणि माझ्याकडे पाहिले. थोड्याच वेळात पलीकडच्या रुळावर लोकल थांबली, तिच्यामागे दुसरी थांबली.

रेल्वेच्या सिग्नलची रचनाच अशी आहे की तार तुटली तर सिग्नल लाल व्हावा. मी मनाला समजावत होतो की गाड्या थांबल्या, म्हणजे कुणाचा जीव गेला नाही, फक्त खोळंबा झाला. दुरुस्तीला आलेल्या सिग्नल खात्याच्या जुन्या माणसाने माझा हा समज तिथेच मोडला. तो म्हणाला, "शेठ, लाल झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. आतापर्यंत गाड्या यंत्राच्या भरवशावर चालत होत्या. आता केबल जोडेपर्यंत त्या कागदावर आणि माणसांच्या भरवशावर चालणार. आणि माणूस चुकतो." संध्याकाळची वेळ होती. थांबलेल्या लोकलमधून लोक खाली उड्या टाकू लागले, पिशव्या आणि मुले घेऊन रुळांवरून चालू लागले, आणि बाजूच्या रुळावर गाड्या चालूच होत्या. माझ्या जेसीबीचे काही तासांचे भाडे वाचवण्यासाठी मी त्या सगळ्यांना तिथे उतरवले होते. केबलमधली एकेक तार ओळखून, जोडून, तपासायला रात्र झाली. दंड भरला. दंडापेक्षा त्या माणसाचे वाक्य जास्त लागले.

यानंतरची चूक इतकी लहान होती की आजही सांगितली तर लोकांचा विश्वास बसत नाही. दोन रुळांच्या मध्यापासून माझ्या भिंतीचे अंतर घ्यायचे होते, म्हणून सुपरवायझरने लोखंडी टेप रुळांवर आडवा टाकला. सिग्नल लाल झाला. बऱ्याच ठिकाणी रुळांतूनच अगदी हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, आणि यंत्रणेला कळते की इथे गाडी आहे. लोखंडी टेप किंवा पहार दोन्ही रुळांना एकदम टेकली तरी यंत्रणा तसेच समजते. रेल्वेचे लोक मापायला विद्युतरोधक साधन वापरतात ते याचसाठी. चूक माझी होती, कारण सुपरवायझरला टेप मी दिला होता आणि रुळांत वीज खेळते हे त्याला सांगितले नव्हते. त्याहून मोठी चूक म्हणजे ज्याला रुळांकडे जायचेच नव्हते त्याला मी परवानगीशिवाय तिथे पाठवले होते.

मशीनच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे आणि तो पाठ असायला हवा. ठेकेदाराची वाहने आणि यंत्रे रुळांपासून ६ मीटर दूर राहून चालवायची. त्याहून जवळ, म्हणजे ६ मीटर ते ३.५ मीटरच्या पट्ट्यात काम करायचे असेल, तर रेल्वेने नेमलेला कर्मचारी हजर असलाच पाहिजे. आणि रुळांच्या मध्यापासून ३.५ मीटरच्या आत वाहनाचा कुठलाही भाग जाता कामा नये. ती रेषा जमिनीवर चुन्याने आखून, ती पाहिली आणि मान्य केली अशी ठेकेदाराची सही घेतात. मी सही केली होती, फक्की मारून घेतली होती, आणि पोकलेनची चेन त्या रेषेच्या बाहेर ठेवायला सांगितले होते. पण पोकलेन वळतो तेव्हा त्याचा मागचा जड भाग चेनच्या बाहेर झुकतो. बकेट माझ्या बाजूला माती टाकत होती आणि शेपूट रेषा ओलांडून रुळांकडे जात होते. ऑपरेटरला मागचे दिसत नाही. मला दिसायला हवे होते, पण मी बकेटकडेच पाहत होतो.

मुंबईची लोकल ३.६६ मीटर रुंद असते. म्हणजे रुळांच्या मध्यापासून तिची बाजू १.८३ मीटरवर येते. ३.५ मीटरच्या रेषेपासून तिच्या अंगापर्यंत जेमतेम १.६७ मीटर उरतात, आणि दारात लटकलेल्या माणसांपर्यंत त्याहून कमी. मोटरमनने दुरून शिट्टी द्यायला सुरुवात केली आणि ती थांबवलीच नाही. ऑपरेटरने मशीन फिरवून जागेवर आणली. लोकल गेली. दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणाला काही कळलेही नसेल.

झेंडेवाला कुठे होता, हा प्रश्न नंतर रेल्वेच्या इंजिनियरने विचारला. झेंडेवाला होता, पण मी त्याला डंपरच्या फेऱ्या लिहायला बसवले होते. लाल-हिरवे बावटे आणि शिट्टी घेऊन दिवसभर नुसता उभा राहणारा माणूस मला फुकटचा वाटत होता, म्हणून मी त्याला दुसरे काम लावले. आता हिशेब करून पाहा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे येते. रुळांवर अडथळा असेल तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन इशाऱ्याचे फटाके लावायचा नियम आहे, कारण चालकाला कळल्यावरही गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. ते १२०० मीटर अंतर गाडी पाऊण मिनिटाच्या आत तोडते. विजेवरची गाडी आवाज कमी करते, जेसीबी आणि ब्रेकर चालू असतील तर तोही ऐकू येत नाही. वळणावर किंवा कटिंगमध्ये गाडी दिसते तीच शेवटच्या काही सेकंदांत. अशा जागी ज्याचे डोळे फक्त रुळांवर आहेत असा एक माणूस हाच सगळ्यांचा आधार असतो. त्याला वही द्यायची नाही, चहा आणायला पाठवायचे नाही, फोनवर बोलू द्यायचे नाही, आणि ठरावीक वेळाने त्याच्या जागी दुसरा ताजा माणूस उभा करायचा. याचा अर्थ दोन मजुऱ्या. माझ्या दरात एकही नव्हती.

विजेबद्दलचे माझे अज्ञान जुन्या सवयीतून आलेले होते. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, तीही आणि पुढे कित्येक दशके इथल्या लोकलही १५०० व्होल्ट डीसीवर चालल्या. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी आला. आमच्यासारखे जे डीसीच्या काळात रुळांशेजारी वावरले होते, त्यांना वरच्या तारेची भीती होती ती हात लागण्याची. २५ हजार व्होल्टला स्पर्शाची गरज नसते. पुरेसे जवळ गेले की वीज हवेतून झेप घेते. म्हणून जिवंत तारेपासून २ मीटरच्या आत माणूस, शिडी, सळई, क्रेनचा हात, पाण्याचा फवारा, काहीही जाऊ द्यायचे नाही. जायचेच असेल तर पॉवर ब्लॉक घेऊन, म्हणजे तारेतली वीज बंद करवून.

पण मला फसवले ते याहून न दिसणाऱ्या गोष्टीने. रुळांना समांतर मी सिमेंटच्या खांबांवर तारेचे तात्पुरते कुंपण घालत होतो. कुंपण हद्दीच्या आमच्या बाजूला, वरच्या तारेपासून चांगले लांब. लांबच लांब तार ताणली जात होती. मजूर म्हणू लागले, तारेत करंट आहे. मी म्हणालो, कुठल्याच कनेक्शनला जोडलेली नाही, कसला करंट? घोडीवर उभा राहून तार आवळणाऱ्या एकाला झटका बसला, तो खाली पडला आणि त्याचे मनगट मोडले. २५ हजार व्होल्टच्या एसी तारेला समांतर लांब धातू असेल, तर कुठेही जोडलेला नसतानाही त्यात वीज उतरते. त्यासाठी असे कुंपण ठरावीक अंतरावर जमिनीशी जोडून अर्थिंग करावे लागते. डीसीच्या काळात आम्हाला हा अनुभव असा कधी आला नव्हता. विद्युत खात्याला आधी विचारले असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितले असते. मजुरांनी सांगितले तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. कामावरचा माणूस काही वेगळे जाणवते असे म्हणतो, तेव्हा त्याला खोटे ठरवण्याआधी काम थांबवायचे असते. मी उलटे केले.

त्या दिवसापासून मी सळईकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. बाजारातून येणारी सळई साधारण १२ मीटर लांब असते. गाडीच्या वरची तार बहुतेक ठिकाणी साडेपाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे भिंतीच्या अलीकडे उभी केलेली एक सळई कलंडली, तर ती भिंत ओलांडून तारेपर्यंत पोचू शकते. कॉलमचा पिंजरा हायड्रा क्रेनने उभा करताना तर हा विचार आधी करायचा. अंतर नकाशावर पायापासून मोजून चालत नाही. वस्तू पडली तर कुठपर्यंत जाईल, तिथून मोजायचे. डंपरचे तेच. फाटकांवर ४.६७ मीटर उंचीची लोखंडी कमान असते ती याचसाठी. डाला उचललेला डंपर किंवा हात वर ठेवून चाललेली हायड्रा तिच्याखालून जाणार नाही, म्हणजे तारेखालूनही जाणार नाही.

ब्लॉकची चूक मात्र शुद्ध हिशेबाची होती. एका जुन्या पादचारी पुलाचा स्लॅब कापून काढायचा होता. रात्री चार तासांचा ब्लॉक मंजूर झाला. मी चार तासांचे काम आखले. जो कोणी पहिल्यांदा ब्लॉकमध्ये काम करतो तो हेच करतो, म्हणून सविस्तर सांगतो. ब्लॉकची वेळ सुरू होते ती शेवटची गाडी गेल्यावर, आणि ती गाडी उशिरा आली तर उशिरा. मग त्या भागात गाडी सोडणार नाही याची नोंद स्टेशन मास्तर आणि कंट्रोल करतात. पॉवर ब्लॉक हवा असेल तर वीज बंद होते, पण बंद झाली म्हणून कुणी वर चढायचे नाही. अधिकृत कर्मचारी कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीशी जोडतो, आणि त्यानंतर कामाचा परवाना लेखी हातात देतो. तोंडी सांगण्यावर भरवसा नाही. शेवटी हेच सगळे उलट्या क्रमाने. माणसे मोजून बाहेर, हत्यारे मोजून बाहेर, रुळांवर खडा नाही, तुकडा नाही, रॉड काढले, परवाना परत, मग वीज आणि मग गाडी. या दोन टोकांमध्ये जे उरते ते आपले काम. माझ्या चार तासांतले अडीच तास उरले.

वेळ संपत आली तेव्हा स्लॅबचा एक तुकडा अर्धा कापलेला, हायड्राच्या साखळीला लटकलेला होता. मी रेल्वेच्या इंजिनियरकडे पंधरा मिनिटे मागितली. त्यांनी ती दिली नाहीत, आणि ते अगदी बरोबर होते, कारण ब्लॉकचा तास वाढतो तेव्हा पहाटे कामाला निघालेल्या हजारो माणसांचा तास जातो. तुकडा बांधून सुरक्षित करण्यातच पुढचा वेळ गेला आणि पहिल्या गाड्या रखडल्याच. माझ्याकडे काम संपवण्याची योजना होती. मध्येच थांबण्याची योजना नव्हती. ब्लॉकमधल्या कामाचे टप्पे असे पाडायचे की प्रत्येक टप्प्यानंतर सगळे सुरक्षित सोडून निघता येईल, आणि घड्याळात एक वेळ आधीच ठरवायची की तिच्यानंतर नवा तुकडा कापायला घ्यायचा नाही. हायड्रा बिघडली तर दुसरी तिथेच उभी हवी. मोठी कामे कशी होतात ते पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडायला मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेतला, मे २०२४ च्या अखेरीस ठाण्यात फलाट रुंद करायला ६३ तासांचा. लोकांना ते तास दिसतात. त्या तासांच्या आधी प्रत्येक क्रेन, प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पर्याय कागदावर मांडलेला असतो, म्हणून ती कामे होतात.

सगळ्यात जड चूक कामाच्या वेळेत झालीच नाही. माझी टोळी मराठवाड्यातून आलेली होती. त्यांच्या झोपड्या मी रुळांच्या एका बाजूला बांधल्या, कारण तिथे जागा फुकट होती. पाण्याचा नळ आणि किराण्याचे दुकान रुळांच्या पलीकडे. पादचारी पूल लांब. कामावर मी त्यांना जॅकेट दिले होते, हेल्मेट दिले होते, सकाळी उभे करून सूचनाही देत होतो. संध्याकाळी तीच माणसे, त्यांच्या बायका आणि मुले पाण्याचे कॅन घेऊन रूळ ओलांडत होती, आणि ते मला माहीत होते. टँकरचा खर्च नको म्हणून मी तिकडे पाहिले नाही.

एका संध्याकाळी टोळीतला एक तरुण मुलगा कॅन घेऊन परत येत होता. एक गाडी जाईपर्यंत तो शहाण्यासारखा थांबला. ती गेल्यावर निघाला. तिच्या आवाजात दुसऱ्या रुळावरची, उलट दिशेची गाडी त्याला ऐकू आली नाही, आणि पहिल्या गाडीच्या आडोशाने ती दिसलीही नाही. तो वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. विम्याच्या कागदाप्रमाणे तो त्या वेळी कामावर नव्हता. मी खर्च केला, पुढेही मदत करतो. त्याने काही भरून येत नाही आणि यायचे कारणही नाही. त्याला रोज रूळ ओलांडायला मी लावले होते. कुठल्याही चौकशीत माझे नाव आले नाही, म्हणून इथे मीच लिहितो.

रुळांशेजारी राहणाऱ्याला गाड्यांची सवय होते आणि सवय घात करते. या रुळावर या बाजूनेच गाडी येते, आत्ता गाडीची वेळ नाही, असे प्रत्येकाने मनाशी ठरवलेले असते. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे लासलगावजवळ चार ट्रॅकमन वरच्या तारेची देखभाल करणाऱ्या टॉवर वॅगनखाली गेले. ती उलट दिशेने येत होती. ते चौघे रेल्वेचेच, रुळांवर रोज वावरणारे लोक होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते. टाळेबंदीत नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या, पण मालगाड्या चालू होत्या. माझ्या टोळीला मी आता एकच गोष्ट त्यांच्या भाषेत, पुन्हा पुन्हा सांगतो: कुठल्याही रुळावर, कुठल्याही दिशेने, कुठल्याही वेळी गाडी येऊ शकते. आणि नुसते सांगून भागवत नाही. झोपड्या, पाणी, संडास आणि काम हे चारही रुळांच्या एकाच बाजूला ठेवतो. ते जमत नसेल तर टँकर लावतो. माणसाला धोका पत्करल्याशिवाय पाणीच मिळणार नसेल, तर त्याला सूचना देणे ही फसवणूक आहे.

आता टेंडर भरताना मी खोदाईच्या आधी वेगळे पान करतो. त्यावर पहिली ओळ झेंडेवाल्यांची, पाळीला दोन. दुसरी हाताने घेण्याच्या तपासणी खड्ड्यांची. तिसरी मशीन उभी राहण्याच्या तासांची, कारण ती उभी राहणारच. मग पत्र्यांचे भक्कम बॅरिकेडिंग, कुंपणाचे अर्थिंग, ब्लॉक रद्द झाला तर वाया जाणारी रात्र, राखीव हायड्रा, पाण्याचा टँकर, आणि सुपरवायझरचे प्रशिक्षण. सुपरवायझरला रेल्वेचे सहायक अभियंता सक्षमतेचे प्रमाणपत्र देतात ते त्या एका कामापुरतेच असते. दुसऱ्या कामावर ते चालत नाही, म्हणून सुपरवायझर बदलायचा नाही, आणि रेल्वेचा सुपरवायझर जागेवर आल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. टोळीत कोणीही, अगदी घमेले उचलणारा नवा माणूससुद्धा, थांबा म्हणून ओरडला तर सगळ्यांनी थांबायचे. विनाकारण ओरडला तरी त्याला बोल लावायचा नाही. मोटरमनचा घोटाळा होऊ नये म्हणून लाल-हिरवे कपडे रुळांजवळ घालायचे नाहीत आणि साइटचे दिवे गाडीच्या तोंडावर लावायचे नाहीत.

हे सगळे धरले की माझा दर वाढतो, आणि काम कधी कधी दुसऱ्याला जाते. ज्याला जाते तो बहुधा माझ्यासारखाच असतो, पूर्वीच्या माझ्यासारखा. त्याला दोष देऊन उपयोग नाही. सर्वांत कमी दराला काम देण्याची पद्धत आहे, आणि सुरक्षिततेचा खर्च जोवर प्रत्येकाने आपापल्या दरात पोटात घालायचा असतो, तोवर जो तो गाळेल तोच जिंकेल. यावर उपाय आहे आणि तो अंदाजपत्रक करणाऱ्याच्या हातात आहे. झेंडेवाले, बॅरिकेडिंग, तपासणी खड्डे, मजुरांचे पाणी आणि वाया गेलेले ब्लॉक यांच्या स्वतंत्र बाबी अंदाजपत्रकात ठरावीक रकमेने टाकाव्यात, म्हणजे त्यावर कुणालाच कमी बोली लावता येणार नाही आणि केलेल्या कामाचेच बिल निघेल. नगरपालिकांनी हे करावे अशी माझी मागणी आहे. तोवर ठेकेदारांनी एवढे करावे: रुळांशेजारच्या कामाच्या प्री-बिड बैठकीत पहिला प्रश्न या बाबींचा विचारावा, उत्तर लेखी घ्यावे, आणि ते मिळाले नाही तर टेंडर भरू नये.